दशावतारी मामा मेलत्तूरला

फोनवर मामाने तीनच प्रश्न विचारले. बायकांची कामं बाप्ये करतत? खेळ रातभर चलता? आणि सगळ्यांत आधी गणपती येता? मी तिन्हीला हो म्हटलं. पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "मगे मी येतंय. माझा तिकीट काढ."

माझा मामा आता एकाहत्तर वर्षांचा आहे. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावातून निघून त्याने सव्वीस वर्षं दशावतारी कंपनीत स्त्रीपार्ट केला. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा सुरू झाल्या की मामा घरात दिसायचा नाही. आज या देवळात, उद्या त्या देवळात, पेटाऱ्याबरोबर फिरत राहायचा. तारामती, द्रौपदी, कयाधू या त्याच्या भूमिका मी लहानपणी देवळाच्या पायरीवर आजीच्या मांडीत बसून पाहिल्या आहेत. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने कंपनी सोडली. त्यानंतर तो नाटकाबद्दल फारसा बोलत नसे. जत्रेत खेळ असला तरी जेवून झोपायचा.

मी ठाण्यात शाळेत मराठी शिकवते. दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आला की मुलांना सांगते, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. त्याच्या आधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले होते आणि तसं काही मराठीत करा असं भाव्यांना सांगितलं होतं, हेही सांगते. आणि एखादं मूल चांगलं ऐकणारं असलं तर आणखी मागे जाते. सांगलीच्या दीडशे वर्षं आधी, १६९०च्या सुमाराला, तंजावरच्या शहाजीराजांनी मराठीत नाटकं लिहिली होती. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ त्यातलंच. हे शहाजीराजे म्हणजे व्यंकोजीराजांचे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे पुतणे. राजा मराठी, प्रजा तामिळ आणि दरबारातली गाण्याची, नाटकाची भाषा तेलुगू, असं ते राज्य. मुलांना हे सांगताना मला नेहमी वाटायचं, आपण फक्त पुस्तकातलं सांगतोय. त्या मातीत आज काय उरलंय ते बघायला हवं.

उरलंय ते मेलत्तूरला. तंजावरपासून अठरा-वीस किलोमीटरवरचं हे गाव. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे नृसिंह जयंतीला, तिथे भागवत मेळा सुरू होतो, देवापुढे रातभर चालणारी, फक्त पुरुषांनी करायची तेलुगू नृत्यनाटकं, आणि पुढे काही रात्री चालतो. पहिल्या रात्रीचं नाटक ठरलेलं, ‘प्रह्लाद चरित्रम्’.

शाळेला सुटी होती, त्यामुळे वेळेचा प्रश्न नव्हता. उन्हाची भीती मात्र होती, स्वतःपेक्षा मामासाठी जास्त. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून रात्रीची उळवन एक्सप्रेस पकडली. उळवन म्हणजे शेतकरी. हे मामाला सांगितलं तर तो एकदम खूश झाला, गाडीला शेतकऱ्याचं नाव देणारी माणसं चांगलीच असणार म्हणाला. पहाटे खिडकीतून नद्या दिसायला लागल्या आणि तो गप्प झाला. कावेरीच्या फाट्यांमध्ये नुसती वाळू होती. मेट्टूर धरणाचं पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटतं, तोवर हा सगळा भाताचा मुलूख असाच वाट बघत असतो. कोकणात मे महिन्यात भाजावळ झालेली शेतं जशी काळी पडून असतात, तशी इथली पांढुरकी पडली होती. "म्हणान नाटका आता करतत," मामा म्हणाला. "शेतात काम नाय, माणूस मोकळो." हे कारण मी कुठे वाचलेलं नाही. पण आयुष्यभर नाटकाचे दिवस पंचांगावर आणि पिकावर मोजलेल्या माणसाचं ते म्हणणं आहे, म्हणून लिहून ठेवते.

तंजावरला सकाळी दहाच्या आधीच बृहदीश्वराच्या देवळात गेलो, तरी फरशी पोळत होती. मामाला पायमोजे घालायला लावले. १०१० साली पुरं झालेलं हे राजराज चोळाचं देऊळ, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मामाला तिथली एकच भिंत दाखवायची होती. नैर्ऋत्येकडच्या बाजूला, आवाराच्या भिंतीवर, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतलाय. मराठीत, देवनागरीत, दगडामागून दगड. आजूबाजूला सगळीकडे तामिळ पाट्या, कानावर तामिळ, दोन दिवस मामाला एक अक्षर वाचता आलं नव्हतं. तो भिंतीजवळ गेला, चष्मा वर केला आणि बोट न लावता, हवेतच बोट फिरवत वाचायला लागला. सगळं लागत नव्हतं. पण मधूनच एखादा शब्द सापडायचा आणि तो मोठ्याने म्हणायचा. "गो, ह्यां तर मराठी!" शेजारून जाणारं एक कुटुंब थांबून त्याच्याकडे बघत राहिलं.

मला तिथे आनंद झाला, पण दगडावरचं मराठी बघून होणारा आनंद जरा उदासच असतो. ते आता कोण वाचतं?

दुपारभर खोलीत पंख्याखाली पडून राहिलो. वीज दोनदा गेली. मामाला गरगरलं, तेव्हा मी घाबरले. मीठ-साखरेचं पाणी करून दिलं, ओला पंचा डोक्यावर ठेवला. म्हटलं, "मामा, रात्रभर बसवणार नाही तुला. आज राहूंदे, उद्या बघू." तो उठून बसला. "माका सांगा नको. मी आज जातलंय." सव्वीस वर्षं ताप अंगात घेऊन रंगाला बसलेल्या माणसापुढे मी काय बोलणार होते?

संध्याकाळच्या बसने मेलत्तूरला उतरलो. सोळाव्या शतकाच्या शेवटी तंजावरच्या अच्युतप्पा नायकाने पाचशेच्या आसपास ब्राह्मण कुटुंबांना घरं आणि जमिनी देऊन हे गाव वसवलं, म्हणून त्याचं एक नाव अच्युतपुरम्. नायक राजे तेलुगू, त्यामुळे नाटकाची भाषा तेलुगू राहिली. पुढे मराठे आले, त्यांनी ती बदलली नाही, उलट स्वतः तेलुगूत लिहिलं. आज खेळतात ती नाटकं बहुतेक मेलत्तूर वेंकटराम शास्त्रींची. ते सरफोजीराजांच्या काळातले, कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांचे समकालीन. म्हणजे मामा ज्या भिंतीवरची अक्षरं वाचत होता ती कोरली जात होती, त्याच सुमाराला इथे प्रह्लादाची पदं रचली जात होती. मधे हा मेळा जवळजवळ बंद पडला होता. विसाव्या शतकात गावातल्या माणसांनी तो पुन्हा उभा केला, आणि मद्रासच्या ई. कृष्ण अय्यर यांच्यासारख्यांनी बाहेरच्या जगाचं लक्ष इकडे वळवलं.

गल्लीत दोन्ही बाजूंना बैठी घरं आणि प्रत्येकाच्या पुढे ओटा, ते म्हणतात तिण्णै. त्यावर म्हातारे बसलेले. मामा सरळ एका ओट्यावर जाऊन टेकला, विचारलं नाही, आणि कुणाला त्यात काही वाटलंही नाही. आतून एक बाई पेल्यात पानकम घेऊन आल्या. गुळाचं पाणी, सुंठ, वेलची, लिंबू. नृसिंह जयंतीचा हा प्रसाद, त्याच्या जोडीला पातळ ताक आणि भिजवलेली मुगाची डाळ. आपलं पन्हं आणि वाटली डाळ यांची ही सख्खी भावंडं. तेवढ्यात कुणीतरी पोराने मागून हाक मारली, "मामा!" आणि आमचा मामा चमकून वळला. हाक त्याला नव्हती. इथल्या घरांतही वडीलधाऱ्या पुरुषाला मामा आणि बाईला मामी म्हणतात. त्या रात्री तो अशा हाकांना पंधरा-वीस वेळा तरी वळला असेल, आणि शेवटी शेवटी ओ द्यायलाही लागला.

मांडव वरदराज पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या देवळासमोर, भर रस्त्यात. रंगमंच एका टोकाला, आणि समोर देव आणून बसवलेला. म्हणजे पहिला प्रेक्षक नृसिंह, आपण मागचे. त्याची नजर अडेल असं बसू नका, एवढं एकाने खुणेने सांगितलं. मामाने मान डोलावली. आमच्याकडे देवळासमोर खेळ होतो तेव्हा हेच असतं, त्याला ते नवीन नव्हतं.

खेळ उभा राहायला रात्रीचे दहा वाजून गेले. पहिल्यांदा आला कोणंगी, उंच टोकदार टोपी, उड्या मारत, लोकांना गप्प बसा म्हणणारा. मामा माझ्या दंडाला धरून म्हणाला, "आमचो संकासुर ह्यो." मग तोडयमंगलम्, सगळे मिळून उभ्याने गातात ते. आणि मग गणपती आला.

एक लहान मुलगा, सात-आठ वर्षांचा, सोंडेचा मुखवटा घालून. मुखवटा त्याच्या डोक्याला मोठा होत होता, त्यामुळे तो मान जरा मागे टाकून नाचत होता. दोन माणसांनी हातात धरलेला पडदा बाजूला झाला आणि मृदंगाच्या पहिल्या ठोक्याला त्याचा पाय पडला, बरोबर. घरचे लोक नवस म्हणून मुलाला हे काम देतात, असं शेजारच्या मामींनी मोडक्या हिंदीत सांगितलं. मी मामाकडे पाहिलं. तो हात जोडून बसला होता. आमच्या आड दशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, रिद्धी-सिद्धींबरोबर गणपती येतो, तेव्हाही तो रंगलेल्या चेहऱ्याने विंगेत असेच हात जोडून उभा राहायचा. मी लहानपणी मागे जाऊन पाहिलंय.

पुढे हिरण्यकशिपूचा प्रवेश. पात्र येण्याआधी त्याचं वर्णन करणारं पद होतं, त्याला ते दरु म्हणतात. पडद्यामागून पाय दिसतात, घुंगरू ऐकू येतात, पडदा थरथरतो आणि मग खाली येतो. नट स्वतः गातो, स्वतः नाचतो, बोलतो. कर्नाटक संगीताची पक्की बैठक, मागे नट्टुवांगाची टाळ चालू. सगळं लिहिलेलं, बांधलेलं. मामाला हे पहिल्यांदा खटकलं. "आमका लिवलेला कायच नसता. उभो रवलो की तोंडातून येवक होया." ते खरंच आहे. दशावतारात आख्यान ठरतं आणि संवाद जागच्या जागी सुचतात, तिथे नटाचा कस लागतो. पण अर्ध्या तासात त्याने हा मुद्दा सोडून दिला, कारण पडद्यामागे लीलावती उभी होती.

लीलावती म्हणजे प्रह्लादाची आई, आपली कयाधू. काम करणारे गृहस्थ पन्नाशीच्या आसपासचे. इथले बरेच नट एरवी नोकरदार असतात, कुणी बँकेत, कुणी चेन्नईला कारखान्यात, आणि या दिवसांत रजा काढून गावी येतात. भूमिका घरातून चालत येतात, बापाची मुलाकडे. दिवसा ओट्यावर धोतर नेसून बसलेला माणूस रात्री राणी होऊन आला होता.

त्या प्रवेशाबद्दल मी काय लिहू? नवरा म्हणतो, हा मुलगा माझा वैरी आहे. मुलगा म्हणतो, हरी. दोघांच्या मधे ती. एक शब्द मला कळत नव्हता. ती नवऱ्याकडे जाते, तेव्हा पदर दोन्ही हातांत धरलेला असतो, मागणं मागायला. मुलाकडे येते तेव्हा पदर सुटतो आणि हात रिकामे होतात. तेवढंच. तीच ओळ पुन्हा पुन्हा गात होती, दर वेळी थोडी खाली, थोडी हळू. चौथ्या वेळी तिने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोटं मिटली, केस मुठीत आले नाहीत, नुसती बोटं आखडली. माझ्या पुढे बसलेली म्हातारी ढसाढसा रडायला लागली.

मामा बघत होता ते दुसरंच. ती बसते कशी. "ह्यो बसलो बघ कसो," तो कुजबुजला. "निऱ्यो पयल्या गुडघ्यान् दाबल्यान्, मगे बसलो. हात लावलो नाय. ह्यां येवक वर्सा जातत." मग थोड्या वेळाने, "घाम डोळ्यात गेलो तरी पुसलो नाय." आणि त्यानंतर तो काही बोलला नाही. मी वळून बघितलं तर त्याच्या मांडीवर त्याची बोटं तशीच आखडली होती.

मधल्या तीन-चार तासांबद्दल फार सांगत नाही. मुलाला मारायचे प्रयत्न, गुरूंची घालमेल, लोकांनी हसायच्या जागा, मधेच मुलं मांडवात झोपलेली, कुणी कुणाला कॉफी देतंय. दोन वाजता मलाही डुलकी आली. मामाला आली नाही.

साडेचार-पाचला मांडव एकदम भरला. घरी झोपायला गेलेले सगळे परत आले होते, अंगावर ताजी भस्मं, बायकांच्या डोक्यात मोगरा. नृसिंहाचा मुखवटा एरवी देवळात असतो, त्याची पूजा होते. तो घालणारा माणूस दिवसभर उपाशी असतो. तो मुखवटा आता रंगमंचावर होता. मोठे डोळे, उघडा जबडा, बाहेर आलेली जीभ. माणूस दिसतच नव्हता. हिरण्यकशिपू त्याच्यासमोर फिरतो, ललकारतो, बोलतो, आणि नृसिंह थरथरायला लागतो. ती थरथर नाचातली नव्हती. पाच-सहा जणांनी त्याला कमरेला, दंडाला धरलं. तो पुढे झेप घ्यायचा आणि सगळे त्याच्याबरोबर ओढले जायचे. समोरचा नट मागे हटायचा, पुन्हा पुढे यायचा, पुन्हा डिवचायचा. पोट फाडणं वगैरे काही दाखवलं नाही. दाखवायची गरजच नव्हती. लोक उभे राहून नृसिंहाचं नाव घेत होते, कापूर पेटला होता, आणि मांडवाच्या कडेने उजेड यायला लागला होता. खांबातून देव निघाला तो ना दिवसा ना रात्री, हे आपण गोष्टीत ऐकतो. ही माणसं घड्याळ न बघता नाटक त्या वेळेला आणून पोचवतात.

आमच्याकडे हीच वेळ दहीकाल्याची. रात्रभराचं नाटक संपतं, हंडी फुटते, दह्यापोह्यांचा हात पुढे येतो. म्हणून आम्ही सगळ्या खेळालाच धयकालो म्हणतो. मी हे मामाला म्हणणार होते, पण तो जागेवर नव्हता.

मुखवटा देवळाकडे निघाला होता, गर्दी त्याच्या मागे. मामा गर्दीच्या उलट दिशेला गेला होता. शोधत मी रंगमंचाच्या मागे गेले, तिथे एका घराच्या पडवीत नट रंग उतरवत होते. लीलावतीचं काम केलेले गृहस्थ पाटावर बसले होते, लुगडं सोडलेलं, वर पंचा. गंगावन काढून बाजूला ठेवलं होतं. मामा त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता, गुडघे दुखत असणार, तरीही. दोघांत एकही भाषा सामाईक नव्हती. मामाने गंगावन उचललं, आत कुठे गाठ आहे ते बोटाने चाचपलं, आणि स्वतःच्या टकलावर हात ठेवून, आपण कुठे बांधत होतो ते दाखवलं. त्या गृहस्थांनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत म्हटलं, हे माझे मामा, यांनी सव्वीस वर्षं स्त्रीपार्ट केला, देवळांतून, आमच्याकडे. कयाधूही केली.

ते उठले. नमस्कार करायला वाकणार, तेवढ्यात मामाने त्यांना दंडाला धरून पुन्हा पाटावर बसवलं.

मग त्यांनी वाटीतलं खोबरेल घेऊन चेहऱ्याला चोळायला सुरुवात केली. आमच्याकडेही रंग खोबरेलानेच उतरवतात. गाल, कपाळ, हनुवटी, सगळं हळूहळू माणसाच्या रंगाचं झालं. मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली, पांढरा-पिवळा पट्टा राहिला होता. तिथे स्वतःचा हात पोचत नाही. मामाने वाटीत दोन बोटं बुडवली, त्यांचं डोकं अलगद पुढे वाकवलं आणि खांद्यावरच्या पंचाच्या टोकाने मान पुसायला लागला.

"आमच्या पार्टीत ह्यां काम बाबल्याचा होता," तो मला म्हणाला, माझ्याकडे न बघता. "तू जा, कॉफी घेवन ये. तीन."